ताईच्या तळव्यातलं धडधडणं

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. रचूनच सांगायचं असतं, तर मी दुसऱ्या कुणाचं तरी सांगितलं असतं. सख्ख्या बहिणीचं नाही.

ताई फौजेत नर्स आहे. लहानपणी सुई दिसली की पलंगाखाली लपणारी ही पोर नर्स झाली, तीही फौजेत! आम्ही तेव्हा हसून हसून बेजार झालो होतो.

गेल्या हिवाळ्यात तिची नेमणूक सीमेजवळ होती. एका बंद पडलेल्या शाळेत दवाखाना थाटला होता. वर्गात खाटा, आणि फळ्याच्या खिळ्यांना सलाईनच्या बाटल्या.

त्या संध्याकाळी जखमींची गाडी आली, आणि पाठोपाठ जनरेटर बंद पडला.

ताईच्या वाट्याला एक कोवळा जवान आला. मांडीतली मोठी नस फाटलेली. ताईनं सगळा भार टाकून ती दाबून धरली.

तिथला एक नियम आहे. नस दाबलेला हात असाच काढायचा नाही. दुसऱ्यानं वर हात ठेवून "धरलंय मी, सोड" म्हटलं, की मगच आपला सरकवायचा.

सर्जन शेजारच्या वर्गात अडकलेले. ताई ओरडून ओरडून थकली.

कुणीच आलं नाही.

"सिस्टर, सोडू नका हो," जवान रडत होता. "आई एकटी आहे घरी."

"नाही सोडत रे राजा."

पण बोटांतलं त्राण गेलं होतं. ताई सांगते, "वाटलं, संपलं. माझ्याच हातून जाणार हा."

आणि मग...

तिच्या हातावर एक हात आला.

गार. एकदम गार.

"धरलंय मी. सोड." बाईचा आवाज.

ताईनं सवयीनं हात सरकवला. वळून बघितलं...

मागे कुणीच नव्हतं.

रक्त मात्र थांबलं होतं. जखमेवरच्या पट्टीवर बोटं रुतल्यासारखे खड्डे पडले होते.

नंतर सर्जननी नस शिवली. जवान वाचला. पण दुसऱ्या दिवशी त्याचा पाय निळा पडत चालला.

"शिवण पक्की आहे. मग रक्त खाली का उतरत नाही?" सर्जन वैतागले. "दुपारपर्यंत असंच राहिलं तर पाय कापावा लागेल."

ते गेल्यावर जवान कुजबुजला, "सिस्टर... त्या बाई अजून दाबून बसल्यात. त्यांना सोडायला सांगा ना."

ताईच्या एकदम लक्षात आलं. नियम त्या बाईलाही होताच की! तिच्याकडून कुणी घेतलंच नव्हतं.

ताईनं त्याच्या मांडीवर हात ठेवला. "धरलंय मी. सोडा, बाई. खूप झालं."

हाताखालचा गारठा निघून गेला. पायाला हळूहळू रंग आला.

"हाताला गुण आहे हो तुमच्या," सर्जन म्हणाले.

ताईनं हात उचलला. पण नसेचं धडधडणं तिच्या तळव्यातच राहिलं.

आता ती रजेवर घरी आहे. उजवा हात सतत कशावर तरी दाबलेला. टेबलावर, उशीवर, स्वतःच्या गुडघ्यावर. जेवते डाव्या हातानं. झोपत तर नाहीच.

परवा तिचा जरा डोळा लागला. आईनं मायेनं तिची बोटं सैल केली...

लगेच तिचा फोन वाजला. तोच जवान.

"सिस्टर, अंथरूण रक्तानं भिजलंय!"

ताईनं किंचाळून हात दाबला. पलीकडचं रडणं थांबलं.

मघाशी ताईनं तो हात माझ्यापुढे केला.

"मला झोप हवीय रे. थोडीशीच. वर हात ठेव आणि म्हण, 'धरलंय मी, सोड.' बास."

मी "पाणी आणतो" म्हणून उठलो.

तेव्हापासून या खोलीत बसलोय. भिंतीपलीकडून ती मला हाका मारत होती. आवाज बारीक होत गेला.

आता हाक येत नाही...

तिचा फोन माझ्यासमोर टेबलावर आहे. मी त्याच्याकडेच बघतोय.