धाकट्याच्या नावाने

विक्रांत आईच्या तळपायांना खोबरेल तेल चोळत होता आणि आई रोहनबद्दल बोलत होती.

चार वर्षं हे असंच चाललं होतं. सिंगापुरातल्या पुंगोल भागात अकराव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये सरोजिनीबाईंचा पलंग हॉलमध्येच मांडलेला होता. दुखणं आधी पोटात होतं, मग हाडांत उतरलं. आंघोळ विक्रांतची बायको मीनल घालायची; औषधं, हॉस्पिटलच्या फेऱ्या, रात्री कूस बदलून देणं हे सगळं विक्रांतकडे होतं, आणि आईच्या जिभेवर नाव मात्र धाकट्याचं! रोहनला पातळ वरण आवडायचं, रोहनचे केस मऊ होते, रोहन असता तर... त्याच्या सात वर्षांच्या लेकीने, आर्याने, तर एकदा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलंच होतं, "पपा, रोहन काका इज रिअल ऑर नॉट, लाह?" विक्रांत तेव्हा हसला होता.

"विक्रांत, एक सांगते, ऐक," आई आज म्हणाली. "आपल्याकडे बापाला अग्नी थोरल्याने द्यायचा आणि आईला धाकट्याने. तुझ्या बाबांचं तू केलंस. माझं रोहन करेल. त्याला बोलाव."

"आई, तो कसा येणार? तुला ठाऊक आहे ना सगळं?"

"ते मला सांगू नकोस. मला दुसऱ्या कुणाचा अग्नी नको."

दुसऱ्या कुणाचा... विक्रांतचे हात तेवढ्यापुरते थांबले आणि पुन्हा तेल चोळू लागले. ज्याने चार वर्षं तिचं सगळं केलं, तो 'दुसरा कुणी' झाला होता. ज्याने बारा वर्षांत या घराचा उंबरठा ओलांडला नव्हता, तो मुलगा!

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट साधी होती आणि म्हणूनच जास्त बोचणारी होती. वडील विश्वासराव रॅफल्स प्लेसला बँकेत होते. सगळ्या घराला कायमचं राहण्याचे कागद मिळाले होते. त्या कागदांबरोबर मुलांच्या वाट्याला अठराव्या वर्षी अडीच वर्षांचं सक्तीचं सैन्य यायचं. विक्रांत गेला. रोहनची पाळी येण्याआधीच, तो सोळा वर्षांचा असताना, बाबांनी त्याला पुण्याला मावशीकडे धाडलं आणि त्याचे इथले कागद परत करून टाकले. कागद परत केले की सैन्यही सुटलं, अशी त्यांची समजूत! अशी समजूत तेव्हा आपल्यातल्या पुष्कळ आईबापांची होती. सरकारची मात्र नव्हती. आधी पत्रं आली, मग वॉरंट आलं. बाबा गेले तेव्हाही रोहनला येता आलं नाही.

तो जहाजावर इंजिनिअर झाला. त्याचं जहाज तेल भरायला वर्षातून एकदोनदा सिंगापूरसमोर नांगर टाकायचं. बाकीचे खलाशी लाँचमध्ये बसून किनाऱ्यावर यायचे, खायचे, खरेदी करायचे; रोहन डेकवर उभा राहून इमारतींचे दिवे बघायचा. आई चालती-फिरती होती तोवर अशा दिवशी ईस्ट कोस्टच्या वाळूवर जाऊन बसायची आणि दूरवरच्या पंचवीस-तीस जहाजांकडे बघत मीनलला विचारायची, "यातलं आपलं कुठलं गं?"

आणि विक्रांत? तो या देशाचा नागरिक झाला होता आणि त्याच लाँचच्या धक्क्यावर, खलाशांना उतरायचा पास देणाऱ्या काउंटरवर, गणवेशात बसत होता. एक भाऊ कायद्याच्या खुर्चीत आणि दुसरा कायद्याच्या यादीत. आईबापांनी एकाला सैन्यात दिलं होतं आणि एकाला राखून ठेवलं होतं, हे गणित विक्रांतने मनात इतक्या वेळा घोकलं होतं, की त्यात त्याला आता शंकाच उरली नव्हती.

मंगळवारी सकाळी रोहनचा फोन आला. जहाज येऊन थांबलं होतं.

"दादा, आई कशी आहे?"

"डॉक्टर म्हणतात, आठवडा. तुला बोलावतेय. अग्नी तुझ्याच हातचा हवाय तिला."

 मग रोहनने हळूच विचारलं, "उतरलो तर पकडतील का रे?"

या प्रश्नाचं उत्तर साऱ्या सिंगापुरात विक्रांतइतकं नेमकं कुणाला माहीत होतं? पलंगावर आईचे डोळे दाराकडे लागलेले होते. तिच्यासाठी म्हणून बोललो, की स्वतःच्या जळणाऱ्या काळजासाठी, हे त्याचं त्यालाही नंतर कधी सांगता आलं नाही. तो म्हणाला, "बारा वर्षांनी कोण विचारतंय? तीनच्या लाँचने ये. काउंटरवर मीच आहे."

रोहनच्या दृष्टीने यापेक्षा मोठं वचन नव्हतं.

तीनच्या लाँचमधून नऊ खलाशी उतरले. नववा उंच, काळवंडलेला, कानशिलांवर अकाली पिकलेला. दुसऱ्या काउंटरवर गर्दी नव्हती, तरी तो विक्रांतच्याच रांगेत उभा राहिला, आणि पाळी आल्यावर ओठ न हलवता पुटपुटला, "दादा, जाडा झालास रे."

विक्रांतने पासपोर्ट उघडला. पडद्यावर वॉरंटची लाल पट्टी आली. त्याला उठून वरिष्ठांना सांगता आलं असतं, की हा माझा भाऊ आहे, दुसऱ्या कुणाला बसवा. अजूनही मान हलवून 'मागे जा, लाँच सुटलेली नाही' एवढं सांगता आलं असतं. समोर तेच हसू होतं, लहानपणी मोडलेलं खेळणं आणून 'दादा करेल नीट' म्हणणारं. त्या हसण्यानेच त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याला हसू येतं! याला अजूनही वाटतं, की दादा आहेच!

त्याने टेबलाखालचं बटण दाबलं.

"प्लीज स्टेप असाइड, सर," तो म्हणाला.

"दादा?" रोहनने विचारलं. दोन शिपाई येऊन बाजूला उभे राहिले तरी तो दादाकडेच बघत होता.

सैन्याच्या पोलिसांची गाडी यायला चाळीस मिनिटं होती. भाऊ असल्याचं आता कागदावर आलं होतं, म्हणून वरिष्ठांनी विक्रांतला दहा मिनिटं आत जाऊ दिलं. छोटी खोली, दोन खुर्च्या. विक्रांतने सगळं बोलणं तयार ठेवलं होतं. बारा वर्षांचं होतं ते.

"तुला कळू दे एकदा," तो म्हणाला. "मी चिखलात लोळलो, बाबांना खांदा मी दिला, आईची घाण मी काढतोय. आणि तू? तुला त्यांनी जपून ठेवलं. मला दिलं आणि तुला ठेवलं."

रोहन रागावला नाही. तो दादाकडे नवलाने बघत राहिला.

"दादा, तुला खरंच आठवत नाही?"

"काय?"

"तू सैन्यातल्या पहिल्या महिन्यानंतर घरी आला होतास. हाताची सालं निघालेली. बाबांच्या पायाशी बसून रडत होतास. 'माझं झालं ते झालं, पण रोहनला इथे घालू नका, तो मरेल' म्हणालास. दर शनिवारी म्हणायचास. मी जायला तयार नव्हतो रे... माझे मित्र इथे होते, आई इथे होती. बाबाही तयार नव्हते. तू जेवण सोडलंस, तेव्हा त्यांनी तिकीट काढलं. तू सांगितलंस म्हणून गेलो मी."

विक्रांतला आठवलं. असं आठवलं, की जणू कुणी दार उघडून दिवा लावला. त्या हॉलमधली फरशी, बाबांचे पाय, स्वतःचा फुटका आवाज. सगळं त्याचंच होतं. ज्या अन्यायावर तो बारा वर्षं जगला, तो त्याने स्वतःच हट्ट करून मागून घेतला होता, आणि वर विसरूनही गेला होता.

"मग तू कधी बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं? तू मला वाचवलंस, असंच समजत होतो मी."

त्या संध्याकाळी विक्रांत आईपासून काही लपवू शकला नाही. रोहन उतरला आणि पकडला गेला, हे त्याने सांगितलं. कुणी पकडलं, हे तिने विचारलं नाही. त्याच्या गणवेशाकडे ती बघत राहिली, आणि तो तेलाची वाटी घेऊन पायाशी बसला तशी तिने उरलंसुरलं बळ एकवटून पाय आखडून घेतले.

"हात लावू नकोस मला."

दोन दिवस तिने त्याच्या हातचं पाणी घेतलं नाही. मीनल चमच्याने पाजायची आणि विक्रांत स्वयंपाकघराच्या दारात उभा असायचा. मीनल एकदाच म्हणाली, "चार वर्षं केलंस ते सगळं एका बटणाने घालवलंस रे."

मधल्या वेळात त्याने दोन कामं केली. वरिष्ठांना लिहून दिलं, की भावाला मी फसवून उतरवलं, तो स्वतः लपून आलेला नाही. कोर्टात हे त्याच्या बाजूने वापरा आणि माझं जे करायचं ते करा. गणवेश त्याच दिवशी काढून घेण्यात आला. मग तो जामीनदार म्हणून उभा राहिला. जामिनाला नागरिक माणूस लागतो, आणि घरातल्या मोठ्यांत नागरिक तो एकटाच होता.

गुरुवारी जामीन झाला आणि दुपारी दोघे भाऊ पुंगोलच्या मेट्रो स्टेशनवरून चालत घरी आले.

आईला सकाळपासून मॉर्फिनचं इंजेक्शन चालू होतं. डोळे उघडे होते, पण त्यांना दिसत नव्हतं. विक्रांत पुढे होता, रोहन दाराशी चपला काढत होता. पावलांचा आवाज ऐकून तिने हात हवेत फिरवला आणि जो हात सापडला तो घट्ट धरला.

"रोहन?"

विक्रांतने मागे वळून बघितलं.

"आलास ना रे? हळू बोल. विक्रांत घरात असेल. त्याला कळू देऊ नकोस... तो पकडून देईल तुला."

मीनलने तोंडावर पदर घेतला. विक्रांत रोहनसाठी बाजूला सरायला गेला, तर आईची बोटं सुटेनात. रोहन तीन पावलांवर येऊन उभा होता. बारा वर्षं ज्या हाकेसाठी तो डेकवर उभा राहिला, ती हाक त्याला अगदी जवळून ऐकू येत होती. त्याने नुसती मान हलवली आणि दादाला खुणेने सांगितलं: बोल.

"नाही कळू देत, आई," विक्रांत म्हणाला.

"तो असा नव्हता रे लहानपणी." तिचा श्वास अडखळला. "तुझ्यासाठी उपाशी राहिला होता. त्याला मी कधी आठवण करून दिली नाही. म्हटलं, उगाच जिवाला लावून घेईल... तू त्याच्यावर रागावू नकोस."

"नाही रागवत."

"शपथ?"

"तुझी शपथ, आई."

तिने तो हात गालाशी ओढून घेतला, आणि त्याच हातावर गाल ठेवून साडेचारच्या सुमाराला ती गेली. तोवर रोहन जागचा हलला नाही. मग तो खाली बसला आणि लहान मुलासारखा मोठ्याने रडला.

शुक्रवारी रोहनने अग्नी दिला. सोमवारी विक्रांतनेच त्याला कोर्टात आणलं. तुरुंग टळेल, असं वकील म्हणत नव्हते. बाकावर शेजारी बसल्यावर विक्रांतने इतके दिवस गिळलेलं विचारलं.

"तू पुढे का नाही झालास रे? तुझा आवाज ऐकायला जीव अडकला होता तिचा."

"चार वर्षं तू केलंस, दादा." रोहन जमिनीकडे बघत होता. "म्हटलं, शेवटचा हात तरी तुझा असू दे. नाव कुणाचं का असेना."

आतून कारकुनाने रोहनचं नाव पुकारलं, आणि बाकावरून दोघेही उठून उभे राहिले.