सुरकुतलेले वाटाणे

"बाई, चोरी झालीच नसेल तर?"

बाईंना हे तोंडावर विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. भिंगरीने भर वर्गात विचारून टाकलं.

जीवशास्त्राच्या बाई थबकल्या. "मग डब्यात हे सुरकुतलेले दाणे कुठून आले? सुरकुतलेल्या दाण्यांच्या झाडाला गोल दाण्यांच्या झाडाचे पराग मी स्वतः लावले. गोल गुण प्रभावी. सगळे दाणे गोलच हवेत! कुणीतरी बदलले."

कपाटाची किल्ली फक्त प्रयोगशाळेतल्या मावशींकडे. आज त्यांची नोकरी जाणार होती.

मधली सुट्टी होताच भिंगरी सुटली. मागे धापा टाकत तिची जिवलग मैत्रीण, गोगलगाय.

"अगं, मला मेलीला गोल काय अन् चपटा काय!" मावशींनी डोळे पुसले. "डबा दिला तसा ठेवला."

"वाळलेली शेंग सोलली कुणी?"

"मी," गोगलगाय म्हणाली.

"तू? दाणे कसे होते?"

"असेच. सुरकुतलेले."

"आणि गप्प बसलीस?"

"बाई सोलून डब्यात टाक म्हणाल्या, टाकले. गोल हवेत हे मला काय माहीत?"

"पाठात होतं की!"

"हल्ली रोज तूच वाचतेस. तुझा आवाज ऐकला की मला झोप येते."

भिंगरी हसली नाही. "बाईंनी पराग लावायला कळी उघडली तेव्हा तू शेजारीच होतीस. चिमट्याला काय लागलं होतं?"

"पिवळी भुकटी. का गं?"

भिंगरीचा चेहरा उतरला.

प्रयोगशाळेत बाई, मावशी आणि मुख्याध्यापिका होत्या.

"वाटाण्याचं फूल मिटलेलं असतानाच स्वतःचे पराग स्वतःला लावून घेतं," भिंगरी म्हणाली. "म्हणून कळी कोवळी असतानाच पुंकेसर काढायचे. पिवळी भुकटी म्हणजे सुटलेले पराग. बाहेरचे पोचले तेव्हा उशीर झाला होता. दाणे शेंगेतच सुरकुतलेले होते. कपाटाचा संबंधच नाही."

"बाईंना कळी जून झालेली कळली नाही?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

भिंगरीने गोगलगायीचा हात दाबला. गोगलगाय मात्र बोलून गेली, "म्हणून रोज हिला वाचायला लावता का, बाई?"

बाईंनी चष्मा काढला. "डोळे निदान तुमची तुकडी पार पडेपर्यंत टिकतील, असं वाटलं होतं." मग त्या वळल्या. "मावशी, नीट न बघताच तुमच्यावर आळ घेतला. चुकलं माझं."

मावशींनी डबा उचलला. "कपाटात ठेवू ना, बाई?"

सोमवारपासून तास दुसरं कुणीतरी घेणार होतं. पैज भिंगरीने जिंकली होती, पण तो विषयही तिने काढला नाही.

घरी आल्या आल्या तिने दप्तर टाकलं.

"आई, बाबा, उद्यापासून शाळा सुटली की मी बाईंकडे जाणार. नवे शोधनिबंध वाचून दाखवायला. विचारत नाहीये, सांगतेय."