तीन पौंडांची चोरी

टेनिसच्या मैदानात, प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालच्या खोलीत तो रॅकेटला तारा ओढून द्यायचा. खेळाडू येत, ताणाचा आकडा सांगत, निघून जात. मान वर करून त्याच्याकडे कोणी पाहत नसे, आणि त्या बुजऱ्या जिवाला ते बरेच वाटे. आज सकाळी आलेली खेळाडू मात्र थेट त्याच्या चहावरच धडकली.

"अगं बाई! सांडला?"

"अर्धाच."

"मग अर्धा गुन्हा माफ! मास्तर, तिन्ही रॅकेट पंचावन्न पौंडांवर ओढा."

"मनगटाला पट्टी आहे तुमच्या... जरा सैल—"

"पंचावन्न! आज हरले, तर उद्यापासून ताईच्या दुकानात वह्या विकायच्या. तिथे घेईल मनगट विश्रांती."

ती हसली, पण पिशवी तिने डाव्या हाताने उचलली. ते त्याच्या नजरेतून सुटले नाही. सैल तार मनगटाला सोसते, मात्र चेंडू लांब उडतो, हे ठाऊक असूनही त्याने यंत्राचा काटा बावन्नवर ठेवला. न विचारता. आयुष्यात प्रथमच.

दुपारी भिंतीपलीकडून पंचाचा आवाज येत राहिला — "बाहेर... बाहेर..." पहिला सेट तिने गमावला. तेवढ्यात पावसाने खेळ थांबवला, आणि ती ओल्या केसांनी दारात उभी राहिली.

"चेंडू ऐकतच नाहीयेत, मास्तर. सत्तावन्न करा!"

त्याच्या तोंडचे पाणी पळाले. बावन्नवरून एकदम सत्तावन्न... ते मनगट टिकले नसते.

"त्या... बावन्नवर आहेत. तुमचं मनगट पाहून मीच..."

"माझा सेट तू घालवलास?"

"हो."

तिने मनगट सावकाश फिरवून पाहिले. "आज दुखलं नाही खरं," ती पुटपुटली. मग ती तापली. "पण विचारायचं होतंस!"

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणाले असते! दुखणं माझं आहे. चोपन्न. माझ्यासमोर ओढ."

काट्यावरची तिची नजर हलली नाही. शेवटच्या गाठीवर तो वाकला, तेव्हा तिने दिवा जवळ सरकवला.

पाऊस थांबून खेळ पुन्हा सुरू झाला, आणि संध्याकाळी टाळ्या उसळल्या. कोणासाठी, ते भिंत सांगेना. दार उघडले, तिच्या हाती तुटक्या तारेची रॅकेट होती.

"ताईचं दुकान...?" त्याने कसेबसे विचारले.

"वह्या थांबतील. उद्या दुसरी फेरी. किती ओढायचं, तूच सांग. पण या वेळी तोंडाने."

"चोपन्न." त्याने मान वर केली. "आणि उद्या... भिंतीआडून ऐकवणार नाही मला. बघायला येऊ?"

"खेळ?"

"...तुम्हाला."

सकाळचा अर्धा चहा तिथेच गार पडला होता. तिने तो उचलून एका घोटात संपवला.

"गुन्हा पूर्ण माफ," ती म्हणाली. "दोघांचाही."