उजवी कळी पडली

ही गोष्ट खरी आहे. पटली तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण माझ्या आतेभावाला खोटं ठरवू नका. तसं ठरवणारे घरातच आहेत.

आणि रात्रबित्र काही नव्हती. गेल्या श्रावणातला सोमवार, भर दुपार. जागा चाकण-तळेगाव रस्त्याच्या आतलं माझ्या आत्याचं गाव. नाव सांगत नाही.

आतेभाऊ रविराज. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. केसाएवढी फट दिसली तरी माल परत पाठवणारा माणूस. माणसांच्या बाबतीत मात्र अगदी भोळा सांब.

गावाबाहेर महादेवाचं हेमाडपंती देऊळ होतं. चुना नाही, सिमेंट नाही. एका दगडाला खाच, दुसऱ्याला खुंटी, की बसला दगडावर दगड. शेकडो वर्षं तसंच उभं. गाभारा खोल आणि वर निमुळता होत गेलेला, त्यामुळे हळू बोललं तरी आवाज आत घुमत राहायचा. लहानपणी रविराज आणि त्याचा जिवलग दोस्त गणराज तिथे ओरडायला जायचे आणि आत्याच्या हातचे धपाटे खायचे. खायचे ते नव्हे, पाठीतले.

मग आजूबाजूची जमीन गोदामासाठी गेली. देऊळ नेमकं मध्ये आलं. गोदामवाले म्हणाले, एकेक दगड नंबर टाकून काढू आणि ओढ्यापलीकडे जसंच्या तसं उभं करू. गाव तयार झालं.

एकटी आत्या अडून बसली.

आत्या म्हणजे कुशाबाई. देवळाची झाडलोट रोज तीच करायची आणि गावात तिच्या शब्दाला वजन. ती म्हणाली, मला काय विचारता, देवाला विचारा.

म्हणजे कौल. पिंडीच्या दोन्ही अंगांना कण्हेरीच्या ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर देवाचा होकार. डावी पडली तर नकार, विषय संपला. पूजेचा मान गणराजच्या घराकडे, म्हणून कळ्या त्यानेच लावल्या.

उजवी पडली.

तरी आत्याचं मन घेईना. तेव्हा रविराजने तिचा हात धरून सांगितलं की देव आपल्या मर्जीनं निघालाय, मी जबाबदार. लेकाचा शब्द म्हणून ती उठली.

देऊळ हललं. नव्या जागी दगड बसवताना रविराजने सुट्ट्या टाकल्या. प्रत्येक सांधा स्वतः तपासला. दिशा, उंची, उंबरठा, सगळं होतं तसं. कुठे फट म्हणून नाही.

फक्त...

आवाज घुमेना.

घंटा वाजवली, तर पोत्यावर काठी मारल्यासारखी वाजली. आरती म्हटली, तर शब्द तोंडापुढेच पडले. आत्या तिथून झाडू घरी घेऊन आली. आत देव न्हाई, एवढंच म्हणाली. आईपाशी आपला शब्द खोटा पडला की काय, हे रविराजला आतून खाऊ लागलं.

त्या सोमवारी तो पुन्हा सांधे तपासायला गाभाऱ्यात उतरला. एकटाच होता. बाहेर रस्त्यावर कंटेनरची घरघर चालू होती.

आणि एकाएकी...

घरघर थांबली. शिखरावरचे पारवेही गप्प झाले.

त्याने भिंतीला हात लावून हळूच विचारलं, "देवा, काय चुकलं?"

काहीच नाही. तो जायला वळला...

मागून आवाज आला. भिंतीतून. अगदी हळू.

देवाचा नव्हता. गणराजचा होता.

"डावी कळी डिंकानं चिकटवलीय, साहेब. आता उजवीच पडंल. रव्या आईला पटवील. त्याला संशयबी यायचा न्हाई."

रविराज धावत बाहेर आला. देवळाभोवती फिरला. कोणी नव्हतं. आत आला, तर तेच शब्द पुन्हा... मग आणखी हळू... मग शांत. जुन्या जागी कधीतरी बोललेलं दगडांनी आत्ता परत केलं होतं.

तो तडक गोदामात गेला. गणराज तिथे सुपरवायझर झाला होता. रविराजने ऐकलेले शब्द जसेच्या तसे त्याला म्हणून दाखवले. गणराजचा चेहरा उतरला. त्याने नाकारलंसुद्धा नाही.

"तुला कुणी सांगितलं? गाभाऱ्यात मी आन् गोदामाचे साहेब, दोघंच व्हतो."

"मग मलाच का पुढं केलंस?" रविराजने विचारलं.

"तुझ्याबिगर काकूंनी कुणाचं ऐकलं नसतं, भावा," गणराज म्हणाला.

त्या 'भावा'ने रविराजला रडू फुटलं. केसाएवढी फट शोधणारा माणूस, आणि दोस्ताने त्याचा केसाने गळा कापला.

घरी येऊन त्याने आईला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. तिने ऐकून घेतलं, पदर खोचला आणि चल म्हणाली.

गाभाऱ्यात शिरल्यावर तिने भिंतीला हात लावला.

"देवा, माझ्या लेकाला हे ठाऊक व्हतं का?"

रविराज निर्धास्त उभा होता. उलट त्याला बरं वाटलं. आता निकाल लागेल, आईचं मन साफ होईल.

या वेळी उशीर लागला नाही. आवाज भरून आला, जुन्या देवळात घुमायचा तसा...

"व्हय, आई. ठाऊक व्हतं."

आवाज रविराजचा होता.

आत्या तशीच बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी ती रावेतला लेकीकडे, सोनलकडे राहायला गेली. रविराजचा फोन घेत नाही. मी समजवायला गेलो तर म्हणाली, देव खोटं कशाला बोलंल?

रविराज शपथेवर सांगतो की असे शब्द त्याने त्या गाभाऱ्यातच काय, जन्मात कुठे उच्चारले नाहीत. देऊळ आता छान घुमतं म्हणतात. मी आत गेलेलो नाही.

परवा तो मला चाकणला भेटला. चहा तसाच गार होऊ दिला त्याने. मग खाली बघत म्हणाला, "दादा... मला ठाऊक असंल का रे?"

मी नाही म्हणालो.

पण म्हणायला मला थोडा वेळ लागला... आणि तो त्याला दिसला.