बीबीच्या घुमटावरची चादर

दर्यापूरच्या अलीकडे, पांदणीच्या टोकाला बीबीचा घुमट आहे. आत कोण निजली आहे हे कुणाला धड ठाऊक नाही. हातावरची मेंदी उतरायच्या आत मेलेली कुणी नवरी, एवढंच गाव सांगतं. भर दुपारी आत कुणीतरी वावरतं, हेही सांगतं, आणि मग विषय बदलतं. कौशल्याच्या घरी फुलांचा धंदा. सासूच्या सासूपासूनची रीत अशी की, घरची लेक बोहल्यावर चढायच्या आधी आपल्या वावरातल्या ताज्या फुलांची चादर बीबीला द्यायची. लेकीचा संसार तिच्या राजीखुशीने उभा राहतो म्हणतात.

तिच्या लेकीचं, वर्षालीचं लग्न उद्यावर आलं होतं. पण लगीनघाईतही धंदा सुटतो थोडाच! सकाळी तोडलेला सगळा झेंडू कौशल्याने अमरावतीच्या मंडपवाल्याकडे जीपने धाडला. उरली ती कालची, बाजारातून परत आलेली फुलं. तिने तीच ओवली, कडेला चार ताजी लावली, वरून पाणी शिंपडलं. वीस वर्षं बसस्टँडसमोर बसून हेच तर केलं होतं.

वाटेत वर्षालीने टोपलीत डोकावून पाहिलं.

"माय, हे फुलं त कालचे हायेत."

"चूप राय. मेल्या मानसाले काय समजते?"

बोलून गेली आणि तिचं तिलाच कसंतरी झालं. पण पाय थांबले नाहीत. बारा वाजून गेले होते.

नवरीने आत जायचं नसतं, म्हणून वर्षाली बाहेर निंबाखाली थांबली. कौशल्या एकटीच आत शिरली. बाहेर कार्तिकातलं ऊनही चटके देत होतं. आत मात्र माठाला हात लावावा तसा गारवा. वटवाघळांचा उग्र वास. डोळे काही केल्या अंधाराला सरावेनात. तिने चाचपत चादर थडग्याच्या दगडावर पसरली, हात जोडले आणि पाठ वळवली.

मागे बारीकसा आवाज झाला. खुट... थोड्या वेळाने पुन्हा, खुट... तो आवाज तिच्या चांगलाच ओळखीचा होता. ओवलेलं फूल दोऱ्यातून ओढून काढलं की असाच येतो. कुणीतरी एकेक फूल काढून पाहत होतं आणि मऊ पडलेलं बाजूला टाकत होतं. त्यातलं एक घरंगळत येऊन तिच्या टाचेला लागलं.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. कौशल्याची मेलेल्यापुढेही गेली नाही. गिऱ्हाईक फुलं निवडायला लागलं की ती जे म्हणायची, तेच तोंडातून निघालं.

"निवडू नका बाई... सारे ताजेच हायेत. खोटं कायले बोलू..."

आवाज थांबला.

भीतीपेक्षा तिला लाजच मोठी वाटली. लेकीसाठी आशीर्वाद मागायला आले आणि थडग्यापुढेही दुकान मांडलं! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. मागे वळून पाहायची छाती होईना. किती वेळ ती तशीच उभी होती कोण जाणे. शेवटी पदर सावरत बाहेर आली.

वर्षाली निंबाखाली हसत उभी होती.

"कोन होती वो माय थे?"

"कोन?"

"आत्ताच बाहीर आली ना, तुया पुढं. मले इचारे, तुई माय खरं बोलते का? मी म्हनलं, काहून नाही बोलत? तरी थे माह्याकडं पाहूनच राहिली... मंग मी माह्या गळ्याची आन घेतली."

 कौशल्या आल्या पावली घुमटात धावली.

"शिळे होते वो बाई! कालचे होते... मी खोटी हाय. पोरीकडं पाहू नका..."

वीस वर्षांत पहिल्यांदा ती फुलांबद्दल खरं बोलली होती. पण थडग्यावर आता फूल नव्हतं, दोराही नव्हता. ऐकायला आत कुणीच उरलं नव्हतं.

बाहेरून वर्षालीची हाक आली.

"माय, लवकर ये वो. थे आपल्या घराकडं जाऊन राहिली... मीच तिले आज हळदीले बलावलं."