तिनाने भाग जाणारी भिंत

"वहिनी, मी भ्रमिष्ट झालेय का हो?" गणिताच्या बाईंनी दारातच विचारलं.

वहिनी म्हणजे खासगी गुप्तहेर. सोबत फिरणारे दीर त्यांना वहिनी म्हणत, म्हणून सगळं गाव तेच म्हणे. भाऊजींना बुद्धी होती, पण ती जरा सावकाश पोचायची.

बाईंनी सांगितलं ते असं. प्रचंड मूळ संख्या घडवायची पद्धत त्यांनी शोधली होती. अशी संख्या, की एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही. त्यातल्या एका संख्येचे दोनशे पितळी अंक संस्थेच्या दालनात स्क्रूने बसवले होते. संध्याकाळी उद्घाटन. सकाळी प्राध्यापक, बाईंचेच जुने विद्यार्थी, खांद्यावरची बॅगही न उतरवता भिंतीकडे बघून म्हणाले, "हिला तर तिनाने भाग जातो!"

"संचालक दालनावरून माझं नाव उतरवणार आहेत. संख्येचा एकमेव कागदही दालनातून गेलाय. माझंच चुकलं असेल तर?"

दालनात गेल्यावर वहिनींनी भाऊजींना भिंतीवरच्या अंकांची बेरीज करायला लावली. ते दोनदा हातचा विसरले. अर्ध्या तासाने घाम पुसत म्हणाले, "बेरजेला तिनाने भाग जातो. म्हणजे संख्येलाही."

"माझ्या हातून दोन अंकांची अदलाबदल झाली असेल," कारागीर पडेल आवाजात म्हणाला.

"किंवा सहा उलटा लागून नऊ झाला," संचालक म्हणाले.

"मी भिंत आजच पहिल्यांदा पाहिली," प्राध्यापक म्हणाले.

कोपऱ्यात जास्तीच्या अंकांचा डबा होता, प्रत्येक अंक एकेकदा. भाऊजींनी वाचून दाखवलं, "शून्य, एक, दोन, तीन, चार, चार, सहा, सात, आठ, नऊ. दहा भरले!"

वहिनी भिंतीजवळून सावकाश चालत गेल्या. एका पाचाच्या स्क्रूंवर ताजे ओरखडे होते.

"अदलाबदलीने बेरीज बदलत नाही," त्या म्हणाल्या. "सहाचा नऊ झाला तर तीनच वाढतात. मुळात तिनाने भाग जात नसेल, तर तेवढ्याने जाणार नाही. म्हणजे चूक झालेली नाही, अंक बदललाय. डब्यात चाराचे अंक दोन आहेत, पाचाचा नाहीच. चार काढून पाच बसवला."

"पण कोणी?" भाऊजी गोंधळले.

"तुम्हाला बेरजेला अर्धा तास लागला. प्राध्यापकांनी बॅग उतरवायच्या आत उत्तर दिलं. ज्याला उत्तर आधीच ठाऊक, त्याला बेरीज कशाला लागते?"

प्राध्यापकांचा चेहरा उतरला. बॅगेतून घडी केलेला कागद निघाला. "बाईंची पद्धत आली आणि माझी दहा वर्षांची मेहनत वाया गेली," ते पुटपुटले.

कारागिराने लगबगीने चार परत बसवला. संचालकांनी भिंतीवरची संख्या संगणकात भरली, भाऊजींनी अंक न अंक कागदाशी ताडून पाहिला. उत्तर आलं: मूळ संख्या.

बाई खुर्चीत बसल्या आणि मनसोक्त रडल्या. मग डोळे पुसत हसू लागल्या.

"जन्मभर मुलांना सांगत आले, उत्तर चुकलं म्हणून लगेच घाबरू नका, आधी पुन्हा तपासा. स्वतःची पाळी आली आणि तेच विसरले बघा!"

बाहेर पाहुणे जमले होते. बाई उठल्या, पदर सारखा केला आणि कुणाचाही हात न धरता भाषणाला निघाल्या.