नकाशातली पुसलेली खोली

स्वतःच्या खोलीची भिंत तिनं नकाशातून पुसली, आणि खोडरबराचा भुगा फुंकरीनं उडवून दिला.

एका वास्तुविशारदाच्या कचेरीत ती वीस वर्षं नकाशे काढत होती. जुनं घर पाडून त्याच जागी दिराच्या पुढाकारानं नवं घर उभं राहणार होतं, आणि बांधकामाचे अंतिम नकाशे काढायचं काम साहजिकच थोरल्या सुनेकडे, म्हणजे तिच्याकडे आलं होतं. वरचा मजला दिराच्या संसाराचा. खाली बैठक, स्वयंपाकघर, सासूबाईंची खोली आणि एक लहानशी खोली तिची.

शेवटची मापं तपासताना तिच्या लक्षात आलं, की सासूबाईंची चाकांची खुर्ची न्हाणीघराच्या दारातून आत जाईल, पण आत वळणार नाही. तिनं तीनदा आखणी बदलून पाहिली. जिना हलेना, खांब हलेनात, आणि प्लॉटच्या चारी बाजूंना सोडायची जागा तर नियमानं बांधलेली. हलण्यासारखं घरात एकच माणूस होतं.

ज्यांच्यासाठी ती जागा सोडत होती, त्या सासूबाई नऊ वर्षं तिच्याशी धड बोलल्या नव्हत्या. तिला कचेरीतून आणायला निघालेला तिचा नवरा रस्त्यातल्या अपघातात गेला, आणि त्या दिवसापासून "हिच्या नोकरीनं माझा मुलगा खाल्ला" हे एकच वाक्य त्या घरात उरलं. पुढे सासूबाईंचे पाय गेले. रोज सकाळी जुन्या न्हाणीघराच्या अरुंद दाराशी ती त्यांना खुर्चीतून उचलून घेई. सासूबाई तिच्या गळ्यात हात टाकत आणि तोंड दुसरीकडे फिरवत... इतक्या जवळ असूनही दोघींमध्ये केवढं अंतर होतं!

न्हाणीघर ऐसपैस झालं. उरलेली जागा सासूबाईंच्या खोलीला मिळाली. बसल्या बसल्या रस्ता दिसावा म्हणून खिडकी तिनं खाली घेतली, दिव्यांची बटणं हाताशी आणली.

रविवारी सकाळी दिरानं छापलेले नकाशे टेबलावर पसरले. "सोमवारी ठेकेदाराला द्यायचेत. झकास झालेत, वहिनी."

"इकडे दे," सासूबाई म्हणाल्या. त्यांचे यजमान बांधकामाचे मुकादम होते. त्यांच्या शेजारी बसून त्या नकाशे वाचायला शिकल्या होत्या. कागद त्यांनी मांडीवर घेतला. त्यांचं बोट दारातून आत शिरलं, बैठकीतून फिरलं, आणि थांबलं.

"हिची खोली कुठाय?"

दीर वाकून पाहू लागला. त्याचा चेहरा उतरला. "वहिनी, हे काय?"

"कचेरीजवळ एक खोली बघितलीय मी," ती शांतपणे म्हणाली. "आईंची खुर्ची वळायला हवी ना. सकाळी येत जाईन मी त्यांचं करायला."

सासूबाईंचं बोट न्हाणीघरातल्या त्या मोकळ्या जागेवरून पुन्हा पुन्हा फिरत होतं.

"तू जरा बाहेर जा," सासूबाई धाकट्या मुलाला म्हणाल्या. तो गेला. मग नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"त्या दिवशी तो निघत नव्हता," त्या म्हणाल्या. "येईल ती रिक्षानं, म्हणत होता. मीच म्हटलं, जा, दमली असेल, घेऊन ये तिला... मीच धाडलं त्याला, पोरी. ते सहन होईना, म्हणून तुझ्या माथी मारलं."

ती खुर्चीपाशी खालीच बसली. रागाची एक जळजळीत लाट छातीपर्यंत आली... आणि त्या लाटेतच तिला कळलं, की ज्या बाईनं आपल्याला नऊ वर्षं जाळलं, तिला त्या दिवशी आपली माया आली होती.

"नऊ वर्षं, आई..." एवढंच ती म्हणू शकली.

"माफ कर असं कोणत्या तोंडानं म्हणू?" सासूबाईंचा सुरकुतलेला हात तिच्या केसांवर आला. "पण परक्या खोलीत नाही जायचं तू. माझ्या खोलीत दोन पलंग मावतात का ते बघ."

तिनं डोळे पुसले, पट्टी लावली, आकडेमोड केली. "मावतील. कपाट दाराआड घ्यावं लागेल."

"मग घे. खिडकीकडचा तुझा." त्या जरा थांबल्या, आणि ओशाळून म्हणाल्या, "मी घोरते पण. आधीच सांगते."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकतेय मी."